साहेबांना दोन्ही वेळा माहीत होतं

माती तुडवता तुडवता जाऊबाई मधेच थांबल्या आणि काखेखाली हात दाबून उभ्या राहिल्या. मी विचारलं, "गाठ परत आली ना?"

त्यांनी चिखलातून पाय ओढून काढला. "आली. येताना भावंड घेऊन आली."

आमचं घर मडकी घडवणारं. मी धाकटी, म्हणून दवाखान्यात सोबतीला मीच. पहिल्या खेपेला मोठ्या डॉक्टरनं कागदावरून नजरही न उचलता सांगितलं होतं, "शंभर टक्के बरी होशील. सहा किमो घे, विषय संपला." जाऊबाईंनी घेतल्या. केस गेले, नखं काळी पडली, तरी सहाच्या सहा पुऱ्या केल्या.

चार दिवसांनी नवा रिपोर्ट घेऊन आम्ही त्याच खुर्च्यांवर बसलो. डॉक्टर म्हणाला, "हे होणारच होतं. ही गाठ परत येतेच. मला कल्पना होती."

"तेव्हाही तुम्हाला माहीत होतं, आताही माहीत आहे," जाऊबाई म्हणाल्या. "मग मधल्या मधे मीच कशी अडाणी राहिले?"

"बाई, तुला यातलं कळत नाही."

"नाहीच कळत. चाळीस वर्षं भट्टी लावते. आत किती मडकी तडकली, ते उघडल्याशिवाय कुणाला सांगितलं नाही कधी. तुम्ही जित्या बाईची हमी देऊन मोकळे."

त्यानं पुढच्या पेशंटसाठी घंटी दाबली. बाहेर आल्यावर मी भीत भीत विचारलं, "आता घरी?"

"घरी कशाला? मला काय मरायची हौस आहे? याच्या हातचं औषध नको, एवढंच."

दुसऱ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण भेटली. तिनं सगळे कागद वाचले, गाठ चाचपली. "मावशी, औषध बदलून बघू. गाठ किती ऐकेल ते मला सांगता येत नाही. नाही ऐकलं, तर तेही तोंडावर सांगेन."

जाऊबाईंनी लगेच बाही वर सारली.

गाठ निम्मी झालीय. उरलेलीचं काय, कुणालाच ठाऊक नाही. परवा मोठ्या डॉक्टरच्या दवाखान्यातून फोन आला. पेशंट हयात आहे का, साहेबांना फाइल बंद करायची आहे.

जाऊबाईंचे हात चाकावर. मी फोन त्यांच्या कानाला लावला.

"मला काय विचारता?" त्या म्हणाल्या. "साहेबांना विचारा. त्यांना माहीत असेल."

मग मानेनंच फोन बाजूला सारून त्यांनी मला पाणी आणायला पिटाळलं.