रुळांवरची नणंद

मी बोलतेय असं म्हणावं की मी वाजतेय असं म्हणावं, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही. बोलणाऱ्याला शब्द निवडता येतात. मला एकच आवाज आहे, टण टण टण, आणि तो केव्हा काढायचा हेही माझ्या हाती नाही. तरी आज सांगून पाहते. नीट जमलं नाही तर दोष गळ्याला द्या, हेतूला देऊ नका.

रूळ जिथे रस्ता ओलांडतात, तिथल्या खांबावरची मी इशाऱ्याची घंटा. माझ्या खाली दोन लाल दिवे आहेत. फाटक नाही. माझ्याआधी इथे एक लाकडी पाटी होती, तिच्यावरची अक्षरं उन्हाने खाल्ली होती. मग नियम निघाला, की सार्वजनिक रस्त्यावरून रूळ जात असतील तिथे इशारा देणारी घंटा असलीच पाहिजे. त्या नियमाच्या पोटी माझा जन्म झाला. ओतकामाच्या भट्टीतून निघाले, तासले गेले, आणि एका जोडाऱ्याने मला इथे वर चढवून घट्ट आवळलं. जाताना त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "बाई, आता तुझ्यावर सगळं," म्हणाला. त्या वाक्याने मी किती फुलून गेले होते, हे आठवलं की आज संकोच वाटतो.

इथे रुळांच्या दोन जोड्या आहेत. एकीवरून गाड्या धावतात. दुसरी शेजारच्या लाकडाच्या वखारीत जाते. वखारीची उंच भिंत वळणावरच असल्यामुळे येणारी गाडी अगदी जवळ येईपर्यंत रस्त्यावरून दिसत नाही, आणि करवतींच्या कर्कश आवाजात तिची शिट्टी बुडून जाते. म्हणून तर मी हवी होते. चाकं जवळच्या टप्प्यात आली, की रुळांतून वीज येते आणि मी वाजते.

पहिले काही दिवस काय मान होता! मी वाजले की सायकली थांबत, ट्रक थांबत, माणसं बोलता बोलता थांबत.

मग वखारीचं काम वाढलं. लाकडाचे डबे आत मावेनात, तेव्हा ते बाहेर, माझ्या टप्प्यातच उभे राहू लागले. चाकं धावताहेत की नुसती उभी आहेत, हे विजेला कळत नाही. डबे उभे, की मी सुरू. ते हलेपर्यंत मी सुरूच. खांबावरून मला भिंतीपलीकडचं सगळं दिसायचं. गाडी नाही, काही नाही, हे दिसत असून मी गळा फाडून 'थांबा' म्हणत असायचे. स्वतःला गप्प करता येत नाही, यासारखी कोंडी नाही.

लोक आधी वैतागले, मग हसू लागले. पाव विकणारा एक सायकलवाला रोज इथून जायचा. तोंडाने मोठा फटकळ. "रोज मरे त्याला कोण रडे," तो म्हणायचा, "आणि रोज ओरडे तिला कोण घाबरे?"

माझ्या खांबाला लागूनच चहाची टपरी आहे. ती चालवणाऱ्या बाईंना सगळा रस्ता वहिनी म्हणतो. त्यांचा नवरा वखारीत करवतीवर असतो. पाववाला त्याचा मित्र. त्यानेच माझं नाव ठेवलं. "वहिनी, तुमची नणंद लागली बघा किरकिरायला."

"लागू दे. सख्ख्या नणंदेपेक्षा बरी आहे, भाऊजी. ही निदान चहाला नावं ठेवत नाही."

मला राग आला नाही. कुणाची तरी कुणीतरी झाले, एवढंच वाटलं.

टपरीच्या मागच्या भिंतीला लाकडी फळी होती, तिच्यावर कपबश्या. खरी गाडी येऊ लागली की जमीन थरथरायची आणि कप बश्यांत किणकिणायचे. उभ्या डब्यांनी ते हलत नसत. हे आधी कुणाच्या लक्षात आलं कोण जाणे, पण हळूहळू रस्त्याची रीत होऊन बसली. मी वाजायला लागले की लोक रुळांकडे बघत नसत, माझ्याकडे तर नाहीच. टपरीकडे तोंड करून विचारत, "वहिनी, कप?"

"गप्प आहेत, जा," वहिनी म्हणत. किंवा, "थांबा, बोलताहेत."

चिनीमातीच्या कपांवर विश्वास आणि माझ्यावर नाही! पण कप खरं बोलत होते, मी बोलत नव्हते, मग तक्रार कुणाकडे करायची? मी वाजत असेपर्यंत वहिनींना फळीसमोरून हलता येत नसे. मी खांबाला जखडलेली, त्या फळीला.

त्या थरथरीने कप एकमेकांवर आपटून फुटायचे. "एकाही कपाला धड कान राहिला नाही," वहिनी कुरकुरायच्या. नवऱ्याने ते मनात ठेवलं. एका संध्याकाळी वखारीतल्या यंत्राचा जुना रबरी पट्टा आणून त्याने फळीवर नेटका बसवला आणि वर कपबश्या मांडल्या. हौसेने केलं त्याने, बायकोसाठी.

"आता बघ, एक तरी फुटतो का."

"अहो, आधी का नाही सुचलं?" वहिनी म्हणाल्या. त्या खूश होत्या. मीही बघत होते. मलाही काही सुचलं नाही, हे कबूल करते.

दुसऱ्या सकाळी डबे उभेच होते, म्हणून मी वाजतच होते. टपरीवर गर्दी. पाववाला पावाची पेटी लादलेली सायकल हाताने ढकलत आला.

"वहिनी, कप?"

वहिनींनी गाळणी हातात धरूनच मान वळवली. सवयीला डोळे असतात, डोकं नसतं. रबरावरचे कप गप्प होते.

"जा, भाऊजी."

मला भिंतीपलीकडे गाडी दिसत होती. मी वाजत होते, पण मी आधीपासूनच वाजत होते. खरी गाडी आली तेव्हा वेगळं वाजायला माझ्याजवळ काही उरलंच नव्हतं.

इंजिनाने सायकल मागून ओढून नेली. पाव खडीवर विखुरले. पाववाला पलीकडे फेकला गेला. जीव वाचला, पण गुडघा पुन्हा वाकला नाही, आणि पावाची फेरी सुटली ती सुटलीच.

रेल्वेचे साहेब आले, सोबत तोच जोडारी, आता केस पिकलेला.

"घंटा वाजत होती?"

"वाजत होती, साहेब," जोडारी म्हणाला. "पण ती दिवसभर वाजते. डबे थोडे मागे उभे केले, तर..."

"नियमात घंटा हवी असं आहे. वाजत होती ना? मग झालं."

मी निर्दोष ठरले. घंटा हवी असं नियमात आहे. तिच्यावर विश्वास बसेल अशी व्यवस्था हवी, असं त्यात नाही. निर्दोष ठरल्याचा मला आनंद व्हायला हवा होता का? अजून ठरवू शकले नाही.

इस्पितळातून घरी आलेल्या पाववाल्याने वहिनींना निरोप धाडला, "चूक माझीच. मान वळवून बघायला मला काय झालं होतं?" नवरा खाली मान घालून पट्टा उचकटायला लागला, तेव्हा वहिनींनी त्याचा हात धरला.

"राहू दे."

"अगं, पण कप..."

"कप बोलायला लागले की लोक परत त्यांनाच विचारतील. आणि उत्तर मला द्यावं लागेल. ते मी आता देणार नाही."

तेव्हापासून मी वाजले की वहिनी स्टोव्ह बंद करतात, पदराला हात पुसतात आणि चहाची थाळी आडवी धरून रस्त्याच्या मधोमध उभ्या राहतात. गाडी खरी असो की उभे डबे असोत, थांबून दोन्हीकडे बघितल्याशिवाय कुणाला सोडत नाहीत.

"वहिनी, रेल्वेत लागलात की काय?" ट्रकवाला म्हणतो.

"बिनपगारी. थांबा."

"डबे उभे आहेत नुसते. त्या थापाडीचं काय ऐकता?"

"माझी नणंद आहे. तिला नावं मी ठेवीन, तुम्ही नाही."

लोक थांबतात. माझ्यामुळे नव्हे, त्यांच्यामुळे. टपरीवरचं गिऱ्हाईक मात्र थंड चहाला कंटाळून दुसरीकडे जाऊ लागलंय. ऊन असलं तरी त्या उभ्याच असतात. पाय दुखले की या पायावरून त्या पायावर होतात. हे मला वरून दिसतं, आणि मी वाजतच राहते. मी गप्प झाले तर त्या सुटतील. पण गप्प होणं मला घडवणाऱ्यांनी शिकवलेलं नाही.

म्हणून एवढंच मागते. तुम्ही या रस्त्याने आलात आणि मी वाजत असले, तर थांबा. मी खोटी असेन, बहुतेक वेळा असतेच. तरी थांबा, मान वळवून स्वतः बघा. माझा मान राखायचा म्हणून नको. तुम्ही सगळे आपणहून थांबायला लागलात, तर ती बाई आत जाईल.

पलीकडे इंजीन डबे ढकलत वखारीकडे निघालंय, मला इथून दिसतंय. आणि वहिनींनी नुकतंच आधण ठेवलंय.