न कापलेली पानं

गोल्फच्या पुस्तकाच्या पोटातून डुक्कर निघालं. शप्पथ सांगते. माझ्या हातात भाजीची सुरी, मांडीवर पुस्तक, आणि नुकत्याच सुट्या केलेल्या पानावर एक लठ्ठ डुक्कर कुशीवर पडलेलं. पुढचं पान कापलं, तर डुकराच्या खुरांचे रोग. त्याच्या पुढे, डुकराला जुलाब झाल्यास काय पाजावं. मी मोठ्यांदा "अगं बाई!" म्हणाले, पण घरात ऐकायला कुणी नव्हतं.

मी सुमती. राहायला नवीन पनवेलला, आणि गोल्फमधलं मला ओ की ठो कळत नाही. आमच्या ह्यांना तरी कुठे खेळता येतं! ह्यांनी, म्हणजे कुमारनी, आयुष्यभर सरकारी ऑफिसात नकाशे काढले. जमीन कुठे चढते, कुठे उतरते, पाणी कुठे तुंबेल, हे बघायचं वेड. त्यात एकदा गोल्फ कोर्स कसे आखतात याचं एक जुनं पुस्तक हाताला लागलं आणि माणूस कामातून गेला. शोकेसमधून माझे काचेचे ग्लास हद्दपार झाले आणि तिथे ही पुस्तकं आली. खेळाडूंची नाहीत हं, मैदान घडवणाऱ्यांची. टेकाड कुठे ठेवायचं, वाळूचा खड्डा कुठे खणायचा, असली. ती जमवणारे जगात दोनेकशे येडे असतील, त्यातला एक माझ्या नशिबी आला.

दुसरा येडा इंद्रजीत. जुन्या पनवेलमध्ये त्याच्या वडिलांचा लग्नपत्रिकांचा छापखाना होता. हा पठ्ठ्या आता तिथे ही दुर्मिळ पुस्तकं नव्याने छापतो. मोजक्या प्रती, कापडी बांधणी, प्रत्येक प्रतीवर हाताने घातलेला नंबर. स्कॉटलंड, जपान, कुठून कुठून मागणी येते. आम्हाला काका-काकू म्हणतो, आणि माझ्या हातच्या कोलंबीच्या खिचडीसाठी हातातलं काम टाकून येतो.

ज्यातून डुक्कर निघालं, ते पुस्तक म्हणजे आमच्या शोकेसचा देव. लिहिणारा एक स्कॉटिश साहेब. हा साहेब तरुणपणी उरणच्या बाजूला इंजिनिअर होता म्हणे, मग मायदेशी जाऊन गोल्फ कोर्स आखायला लागला. अनुक्रमणिकेत शेवटचं प्रकरण आहे, 'खाडीकाठचा एक कोर्स'. ती खाडी आपलीच, असं ह्यांचं म्हणणं. पुस्तकाची दुसरी प्रत अजून जगात कुणाकडे निघालेली नाही. आणि आमच्या प्रतीत नेमकी त्याच प्रकरणाची पानं कडांनी जोडलेली. पूर्वी मोठा कागद छापून, घड्या घालून शिवून टाकायचे, आणि वाचणाऱ्याने सुरीने कडा कापत वाचायचं. ज्याने कापलंच नाही त्याचं पुस्तक कोरं, आणि कोरं म्हणजे या लोकांना सोनं. म्हणजे न वाचलेल्या पुस्तकाला जास्त मान! कपाळ माझं.

"मग आत काय आहे ते कळणार कसं हो?" मी विचारलं होतं.

"फटीतून टॉर्च मारायचा," हे म्हणाले.

तीन वर्षांपूर्वी मला कॅन्सर निघाला. सरळच सांगते, त्यात लपवण्यासारखं काय आहे. केमोच्या दुपारी संपता संपायच्या नाहीत. हे ते पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून हॉस्पिटलात आणायचे, बंदच मांडीवर ठेवायचे आणि साहेबाचा तो कोर्स मला सांगायचे. एकेक होल, म्हणजे चेंडू पोचवायची खळगी; एका कोर्सला अशी अठरा. पहिलं मिठागराच्या कडेकडेने. चौथ्याला कर्नाळ्याचा सुळका नेमून चेंडू मारायचा. नवव्याच्या मधून कोळणींची वाट जाते, ती साहेबाने मोडली नाही. डोक्यावर पाटी घेतलेली बाई दिसली की खेळ थांबला पाहिजे. एकदा साहेबच घाई करायला लागला, तर ती कडाडली, "वाट आमची हाय. तुमचा चेंडू थांबल, माझा म्हावरा नाय थांबायचा!" हाताला सुई टोचलेली असताना मी खुदकन हसले होते. नर्ससुद्धा वळून बघायला लागली.

सतरावं माझं सगळ्यात लाडकं. खाडीचा बांध, आणि भरती लागलेली. पाणी चढत येतंय. खेळणाऱ्याने ठरवायचं, ओहोटीची वाट बघायची की आत्ताच पलीकडे मारायचा.

"आणि अठरावं?" मी विचारायची.

"ते पान घडीच्या फार आत आहे. टॉर्च पोचत नाही. उद्या बघू." आणि उद्या पुन्हा पहिल्यापासून सुरू.

मी बरी झाले. मग ह्यांच्या मागे लागले, एवढं सुंदर आहे ते लिहून काढा. हे टाळत होते. मी कसली सोडते! शेवटी लिहिलं, आणि पाठवायलाही का-कू करायला लागले तेव्हा मीच ते कागद उचलून इंद्रजीतच्या हातात दिले. त्याने इंग्रजी करून त्या येड्यांच्या त्रैमासिकात छापून आणलं. तिकडे नुसता गोंधळ! कोण हे पनवेलचे कुमार, म्हणून पत्रांवर पत्रं. सगळ्यांचा एकच प्रश्न, अठराव्या होलचं काय?

इंद्रजीतने जाहीर करून टाकलं की अख्खं पुस्तक नव्याने छापतो, अठराव्यासकट. नावं नोंदली गेली. बाकी सगळं तयार, फक्त शेवटचं प्रकरण स्कॅन करायचं राहिलं. आणि हे पुस्तक द्यायला तयार नाहीत. आज कंबर दुखते, उद्या पाहुणे येणार, परवा पावसाळी हवा आहे. वर्ष झालं. मला वाटलं, हा चिक्कूपणा. मित्राने लोकांना शब्द दिलाय, त्याची अब्रू जायची पाळी आली, आणि हे कागदाच्या कडा जपतायत! शिवाय खरं सांगू, अठरावं काय होतं ते मलाही हवं होतं. ती भरती मी बघितली होती, पलीकडे काय आहे ते कळायला नको?

काल सकाळी इंद्रजीतचा फोन आला. "काकू, बाराला स्कॅनर घेऊन येतोय. आज नाही मिळालं तर सगळ्यांना नाही म्हणून कळवतो." मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी चहा अर्धा ठेवला, पळस्प्याला कुणाकडे तरी काम आहे म्हणाले आणि चपला घालून चालते झाले. अशा वेळी! माझं डोकंच फिरलं. शोकेसची किल्ली घेतली, सुरी धुऊन पुसली, आणि एकदाचा सोक्षमोक्ष लावायला बसले. वरच्या पानावर काहीच छापलेलं नव्हतं. त्याच्या पुढची कड कापली, आणि डुक्कर.

सगळी पानं कापली. एकाही पानावर खाडी नाही, मिठागर नाही, गवताची काडी नाही. बांधणाऱ्याने त्या काळी कुठल्या तरी डुकरांच्या पुस्तकाचे कागद ह्यात शिवून टाकले होते, आणि कुणी कापलंच नाही म्हणून कुणाला पत्ताच नाही. पहिल्यांदा मनात आलं, बिचारे! हे आता छाती धरून खाली बसणार. पाणी प्यायला उठले, आणि अर्ध्या वाटेत थबकले. आत डुकरं आहेत, तर ह्यांना टॉर्चने दिसलं काय? कर्नाळ्याचा सुळका कुठून आला?

तेवढ्यात बेल वाजली. ठमाबाई, उरणहून आमच्या बिल्डिंगमध्ये मासे घेऊन येते ती. मी दार उघडलं आणि नुसती बघत राहिले.

"वयनी, भूत बगला काय?" ती म्हणाली. "घ्याचं तर घ्या पटकन. माझा म्हावरा नाय थांबायचा!"

तोच आवाज, तोच ठसका. नवव्या होलवरची बाई रोज माझ्या दारात बसून बोंबील विकत होती, आणि मला तीन वर्षं कळलं नाही. मी काय घेतलं, किती घेतलं, आठवत नाही. घेतलं ते ओट्यावर तसंच ठेवलं आणि खुर्चीत जाऊन बसले.

साडेअकराच्या सुमाराला हे आले. टेबलावरचं पुस्तक बघितलं, सुरी बघितली. मला वाटलं, आता कडांसाठी आकांत करतील. हे चपलांसकट आत आले आणि समोर बसले.

"कापलंस?"

"कापलं. डुकरं आहेत आत."

"माहीत आहे."

माहीत आहे! "कधीपासून?"

"आणलं त्याच दिवशी टॉर्च मारून बघितलं होतं. कुणाला सांगणार? इतक्या वर्षांनी हाताला लागलेलं पुस्तक, आणि आत हे."

"मग तिथे माझ्या उशाशी बसून काय सांगत होतात?"

"तू म्हणालीस, काहीतरी बोला. नुसते बसू नका." हे हातातल्या किल्ल्यांशी चाळा करत होते. "मला दुसरं काय येतं, सुमती? जमीन आखता येते. आखत गेलो."

माझा असा संताप झाला! "अहो, मी दिलं ते जगाला! माझ्या या हातांनी! त्या पोराने लोकांना शब्द दिला. तेव्हा तोंड शिवलं होतं तुमचं?"

"तू इतकी खूश होतीस," हे म्हणाले. "म्हटलं होतं, सांगू. मग राहिलं, आणि मग फारच उशीर झाला."

इंद्रजीत आला तो स्कॅनर खांद्याला लावून, हसत. पुस्तक कापलेलं बघून त्याने "काका! जिंकलंत!" म्हणून ह्यांना मिठीच मारली. ह्यांनी त्याला बाजूला केलं आणि पुस्तक स्वतः उघडून त्याच्या हातात दिलं. त्याने पहिलं पान बघितलं आणि मोठ्याने हसला. दुसरं बघितलं. चौथ्या पानाला त्याचं हसू गेलं.

"मी रचलं होतं, इंद्रजीत," हे म्हणाले. "मिठागर, सुळका, सगळं. साहेबाचा त्यात एक शब्द नाही."

पोरगा स्टुलावर बसला. कितीतरी वेळ पानांवरून हात फिरवत होता. मी पाणी दिलं, ते तसंच राहिलं.

"काका, मी लोकांना काय सांगू?"

"खरं सांग. माझ्या नावानिशी कळव. कुमारने खोटं लिहिलं, म्हण."

"परत तुमचं कुणी काही छापणार नाही. पत्राला उत्तरसुद्धा देणार नाहीत ते लोक. कळतंय का तुम्हाला?"

"कळव," हे म्हणाले. गेल्या वर्षभरात ती पत्रं रोज चष्मा पुसून पुसून वाचायचे हे. ऑफिसात उभ्या जन्मात कुणी नाव घेऊन शाबासकी दिली नव्हती, ती परदेशातून आली होती. ते सगळं एका शब्दात देऊन टाकलं.

इंद्रजीतने स्कॅनर उचलला. दारात बूट घालता घालता थांबला. रागावलेला होता, पण येडा शेवटी येडाच.

"निदान अठरावं तरी सांगा. तुम्ही रचलेलं."

"ते नाही रचलं."

"म्हणजे? सतरा रचलीत आणि एकच राहिलं?"

हे माझ्याकडे बघेनात. बाल्कनीत वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघत म्हणाले, "ते सांगितलं की कोर्स संपला असता. मला वाटायचं, शेवटचं सांगून टाकलं आणि ही गेली तर? म्हणून रोज सतराव्यावर थांबायचो."

इंद्रजीत परत आत आला. खाली वाकला, ह्यांच्या पायांना हात लावला आणि जिना उतरून गेला. खिचडीचं विचारायचंसुद्धा मला सुचलं नाही. मी तिथेच दाराला टेकून रडायला लागले. राग गेला नव्हता हं. राग तसाच होता, आणि तरी रडू थांबत नव्हतं.

दुपारी जेवणं झाली. जेवणं कसली, दोघांनी ताटं चिवडली. ह्यांनी पुस्तक पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, शोकेसमध्ये ठेवलं आणि माझ्या शेजारी येऊन बसले.

"आता रचू का अठरावं? आता तू बरी आहेस."

वरच्या मजल्यावरची प्राची मांजर आडवं गेलं की परत फिरते, तिला मी तोंडावर हसते. मी असलं काही मानत नाही. पण ह्यांनी तोंड उघडलं मात्र, मी झटकन त्यांच्या ओठांवर हात दाबला.

"खबरदार! पुढच्या महिन्यात तपासणी आहे माझी."

ह्यांनी मान डोलावली. मी हात काढला, पाय वर घेतले आणि उशी मानेखाली ओढली.

"सतरावं परत सांगा," मी म्हटलं.