शब्बाथची सही

ही गोष्ट १९०५ सालची. डेन्व्हरच्या ज्यू क्षयरोग्यांच्या सॅनेटोरियमात तातडीच्या रोग्यांसाठी तेव्हा एकच खाट राखून ठेवत. त्या खाटेसाठी हिंदे आपल्या धाकट्या भावाला, गेट्सेलला, घेऊन न्यूयॉर्कहून आली होती. आगगाडी शुक्रवारी संध्याकाळी पोहोचली आणि शब्बाथ लागला, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस; शनिवारी रात्री तीन तारे दिसेपर्यंत प्रवास, लिहिणं, विस्तव पेटवणं सगळं वर्ज्य, म्हणून दोघं स्टेशनातच बसून राहिली. सकाळी गेट्सेलला रक्ताची गुळणी झाली. पोलिसांनी त्याला घोडागाडीत घातलं. हिंदे मात्र गाडीत बसली नाही, शब्बाथला गाडीत बसायचं नसतं. तीन मैल ती गाडीमागून चालत आली.

सॅनेटोरियमच्या कचेरीत डॉक्टरांनी गेट्सेलला बाकावर निजवलं. "एक शब्द बोलायचा नाही, नाहीतर परत रक्त येईल," असं बजावून ते वॉर्डात गेले.

कारकून लिलिएनफेल्ड जर्मन ज्यू. तोंडात सिगार धरून त्याने कागद पुढे केला. "रोगी बरा होण्यासारखा नसला तर घरचे घेऊन जातील, असं लिहिलंय. सही कर, त्याशिवाय खाट मिळणार नाही."

"आज शब्बाथ आहे, साहेब. तीन तारे दिसले की करते."

"मग अंगठा लाव."

"शाईचा ठिपकासुद्धा नाही. आमचे वडील गेले, पण शब्बाथला त्यांनी कधी लेखणी उचलली नाही."

"वडील गेलेच ना? आता भावाला पाठवतेस का त्यांच्यामागे?"

"तुम्ही शब्बाथला धूर काढता. तुम्ही मला शिकवू नका!"

गेट्सेलने हात वर केला. बोटं चिमटीसारखी जुळवून तो कागदाकडे हलवू लागला.

"बघ, त्याला करायचीय सही," लिलिएनफेल्ड म्हणाला.

"ताप चढलाय त्याला. सहा वर्षं येशिवात, धर्माच्या पाठशाळेत, शिकलेला भाऊ माझा, शुद्धीत असता तर असं केलं असतं?" हिंदेने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला. तो धडपडला, डोळ्यांतून पाणी आलं. तिने ते शालीच्या टोकाने पुसलं.

दुपारी सेंट लुईसचा मेंडेल श्पिर्ट नावाचा सिगार वळणारा रोगी आला. रक्त ओकत ओकतच त्याने सही ठोकली. खाट त्याची झाली.

तारे उगवल्यावर हिंदेने नाव सुवाच्य लिहून दिलं. लिलिएनफेल्डने कागद वाचला. "अक्षर छान आहे," म्हणाला, आणि टेबलाचा खण लावून घेतला.

गेट्सेलला एका खाणावळीच्या परसातल्या तंबूत ठेवलं. आठव्या दिवशी डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली. त्याचं पहिलं वाक्य होतं, "ताई, जीव जात असेल तर शब्बाथ मोडायचाच असतो. धर्मच सांगतो तसं. मी लेखणी मागत होतो."

तीन दिवसांनी तो गेला.

मेंडेल बरा झाला, लग्न करून कॅलिफोर्नियात गेला. आपण कोणाच्या खाटेवर निजलो, हे त्याला कोणी कधी सांगितलं नाही. लिलिएनफेल्ड पुढे त्याच संस्थेचा चिटणीस झाला. हिंदेने एकतीस वर्षं तिथल्या धोबीखान्यात रोग्यांच्या चादरी उकळल्या. लग्न केलं नाही. शब्बाथ पाळायची, पण भावाचं नाव कोणी काढलं की उठून जायची.

मायदेशी गावात राहिलेल्या आईला तिने कळवलं होतं, की गेट्सेल सॅनेटोरियमात, पांढऱ्याशुभ्र खाटेवर गेला. ते पत्र म्हातारीने गावातल्या प्रत्येकाकडून वाचून घेतलं, आणि मरेपर्यंत लेकीला दुवा दिला.