डावखुरा पहारेकरी

दादाचा फोन आला तेव्हा मी चित्राच्या कडेवरची बुरशी ब्रशने झटकत होते. "डावरे, तुझ्या चित्राने माझं नाक कापलं," तो म्हणाला. "डावीकडची भिंत फोडली. आत दगडच दगड. दार नाही, जिना नाही."

दादा जुन्या इमारतींची डागडुजी करतो आणि मी संग्रहालयात जुनी चित्रं साफ करते. तो सध्या दुरुस्त करतोय त्याच इमारतीचं हे चित्र दोनशे वर्षांपूर्वी इथल्याच कुणा चित्रकाराने गोऱ्या साहेबासाठी काढलेलं. मधोमध घुमट, दोन्ही अंगांना सारख्या कमानी. फक्त डाव्या टोकाच्या कमानीत छोटं दार आणि आत वर जाणाऱ्या पायऱ्या. आज त्या घुमटाकडे जायला वाटच नाही. माझ्या शब्दावर दादाने एक भिंत फोडायची परवानगी मिळवली होती. आता त्याचे वरिष्ठ म्हणत होते, पुरे झाला खेळ, आजच गिलावा करून सगळं बंद करा.

"थापाड्या होता तुझा चित्रकार," म्हणून दादाने फोन ठेवला.

मला राग आला. ज्याने कमानींच्या दगडी जाळीतलं एकेक भोक इमानाने रंगवलं, तो अख्खा जिना मनचा कशाला काढेल? मी भिंग घेऊन बसले. दारातल्या पहारेकऱ्याची तलवार डाव्या हातात. असेल बिचारा माझ्यासारखा. पण शेजारच्या कारकुनाची लेखणीही डाव्या हातात, आणि माळ्याचं खुरपंही. लहानपणी घरच्यांनी माझा डावा हात बांधायचा तेवढा बाकी ठेवला होता. एका अंगणात तीन डावरे सुखाने नांदताना मी जन्मात पाहिले नव्हते.

डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हे चित्रकार एकाच इमारतीची कितीतरी चित्रं विकत. एकदा कागदावर नुसत्या रेषांचा खाका काढायचा, रेषांवर सुईने भोकं पाडायची, खाका कोऱ्या कागदावर ठेवून वरून कोळशाची पूड फिरवायची. घाईत खाका पालथा पडला की चित्रही उलटं. इमारत दोन्हीकडून सारखी, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही. माणसं मात्र डावरी झाली.

दादा फोन उचलेना. मी स्कूटर काढली आणि सुसाट निघाले.

पोचले तेव्हा गिलावा कालवून तयार होता. "उजवीकडे फोडा," मी धापा टाकत म्हणाले.

"एकच भिंत ठरली होती," वरिष्ठ म्हणाले. मी मोबाइलवर त्यांना पहारेकरी, कारकून, माळी दाखवले आणि खाक्याची गोष्ट सांगितली. त्यांनी खिशातलं पेन डाव्या हातात धरून पाहिलं आणि हसले. "एक वीट काढा. फक्त एक."

दादाने छिन्नी-हातोडा माझ्यापुढे धरला. लहानपणी त्याच्यादेखत डावा हात वापरला की टपली बसायची, त्या सवयीने मी हातोडा उजव्या हातात घेतला.

"डाव्याने मार गं," दादा हळूच म्हणाला.

घाव बसला. वीट आत घरंगळली. दादाने भोकाला बॅटरी लावली. एक पायरी, तिच्या वर दुसरी, मग अंधार. वरिष्ठ एकच वीट म्हणाले होते खरे, पण तोवर मी दुसरीवर घाव घातलाही होता.