पट्ट्याखालची जखम

मी पोटाला बांधायचा पट्टा बोलतोय. रुंद, पांढरा, ओढला की ताणला जाणारा. ऑपरेशन झालेल्या माणसाला उठता-बसता आधार द्यायचा, एवढंच माझं काम. ते मी जरा जास्तच मन लावून केलं आणि आता मान खाली घालायची वेळ आलीय.

औषधाच्या दुकानातून मी थेट बेकरीवाल्या काकूंच्या पोटावर आलो. गर्भाशयाचा कर्करोग काढताना त्यांचं पोट उभं चिरलं होतं. काकू अंगानं चांगल्याच भरलेल्या, त्यात मधुमेह. डॉक्टरांनी बजावलं होतं, "वजन आणि साखर, दोन्हींमुळे जखम चिघळू शकते. ती भरली की लगेच केमो सुरू करायचीय. उशीर नको."

नर्सताईंनी मला बांधून दाखवलं. "चालताना लावा, झोपताना काढा. खाली कोरडं ठेवा आणि रोज टाके बघा."

काकूंनी त्यातलं पहिलं तेवढं ऐकलं. मला घट्ट आवळलं की त्यांना ताठ उभं राहता यायचं. मग काय, काकू पुन्हा गल्ल्यावर! गिऱ्हाईक म्हणायचं, "कोण म्हणेल हो तुमचं ऑपरेशन झालंय?" ते ऐकून मीही फुशारून जायचो. झोपतानासुद्धा त्या मला सोडेनात.

भट्टीची धग, पोटाच्या घडीत घाम. माझ्याखाली ओल साचू लागली. काकूंनी वरून पावडर मारली. साखर तपासायचं यंत्र कपाटात पडून होतं. "एवढं मोठं दुखणं काढून टाकलं, आता साखरेचं काय कौतुक!" काकांनी नवं बिस्कीट चाखायला दिलं, की काकूंना नाही म्हणवायचं नाही.

मग वास येऊ लागला. तो आधी मला कळला. पण त्या घरात लोण्याचा नि व्हॅनिलाचा एवढा घमघमाट, की दुसरं काही कुणाच्या नाकापर्यंत पोचेना.

लेक रोज मागे लागायची, "आई, टाके बघू दे ना."

"पट्टा आहे ना घट्ट. सगळं ठीक आहे. तू उगाच सोडत बसू नकोस."

माझं नाव पुढे करून त्या तिला परतवायच्या आणि मी गप्प. निदान सैल तरी पडायचं होतं मी. तेवढंही माझ्याकडून झालं नाही. त्याची मला लाज वाटते.

एका सकाळी पाव मांडता मांडता काकू मटकन खाली बसल्या. मी चिंब भिजलो होतो. लेकीनं मला ओढून काढलं आणि तोंडावर हात ठेवला. टाके उसवले होते, आत पू झाला होता.

आता काकू पुन्हा हॉस्पिटलात आहेत. डॉक्टर म्हणाले, "जखम भरेपर्यंत केमो देता येणार नाही."

"आणि तोवर तो आजार थांबेल का हो?" लेकीनं विचारलं.

डॉक्टर पट्टी बदलत राहिले.

तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याच्या भरवशावर राहू नका. त्याला रोज सोडा, खाली बघा, जखम लेकीला दाखवा.

मघाशी लेक मला कचऱ्यात टाकायला निघाली होती. काकूंनी तिचा हात धरला.

"राहू दे गं. त्याचा काय दोष? त्यानंच तर मला उभं केलं."

त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं.