लिंबाच्या झाडावरचा मगन

आई गेली आणि तिच्या मगनने खाणं सोडलं. मगन म्हणजे सरडा. कुंपणावर मान हलवत बसतो तो नव्हे. शॅमेलिऑन म्हणतात तो, रंग बदलणारा, शेपूट गुंडाळून बसणारा, एक डोळा आपल्याकडे आणि दुसरा भलतीकडेच फिरवणारा. फैजपूरला आम्ही एका लग्नाला गेलो होतो, तेव्हा पाय चेंगरलेला हा प्राणी आईला केळीच्या बागेच्या बांधावर सापडला. तिने त्याला पदरात गुंडाळून धुळ्याला आणलं. देवपूर भागातल्या आमच्या घराच्या अंगणात, अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये, लिंबाचं झाड आहे. त्यावर त्याला सोडलं. पिंजरा नाही, दोरी नाही. लंगडा पाय घेऊन जाणार कुठे? एकाच फांदीवर तासन्‌तास आपल्याच नादात बसायचा, म्हणून त्याचं नाव मगन.

आईच्या हातातून तो नाकतोडा असा टिपायचा की डोळ्याची पापणी लवेपर्यंत जीभ परत तोंडात. आता मी शेजारच्या रिकाम्या प्लॉटमधून नाकतोडे पकडून आणत होते, चिमट्यात धरून त्याच्यापुढे नाचवत होते, आणि तो तोंड फिरवत होता. डोळे खोल गेले होते. अंगाचा हिरवा रंग जाऊन राखेसारखं काहीतरी उरलं होतं. गुरांच्या डॉक्टरांना फोटो पाठवून फोन केला. ते म्हणाले, याचं औषध आपल्याकडे नाही, आणि बाई, हा पाळायची परवानगी नसते, बरा झाला की सोडून द्या. बरा झाला की! मी फोन ठेवून दिला.

शेजारच्या प्रमिलाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "मुक्या जिवाला कळतं गं, रत्ना. झुंबरबाईंचा लळा होता त्याला." आबांना, माझ्या वडिलांनाही तेच वाटत होतं. "तिना मांगे जाई राह्यना तो," म्हणायचे आणि आत निघून जायचे. मला कोणाचंच पटत नव्हतं, पण दुसरं काही सुचतही नव्हतं. आईचं घरात जितंजागतं असं ते एवढंच उरलं होतं. त्याला मरू द्यायचं नव्हतं. जळगावची माझी नोकरी बोलावत होती, तरी मी रजा वाढवून घेतली.

आमचे आबा म्हणजे जीवराम ठिबकवाले. उभा जन्म त्यांनी गावोगाव ठिबकच्या नळ्या विकण्यात आणि बसवण्यात घालवला. केळीवाल्यांच्या बांधावर उभं राहून एकच पाठ म्हणायचे, "पाणी मुयले देवानं, पानले नही. ओलं पान म्हणजे करप्याले आवतन." पाणी मुळाला द्यायचं, पानाला नाही; ओल्या पानावर करपा रोग येतो, असं त्यांचं म्हणणं. घरीही तेच. आई रोज सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की तांब्यात उरलेलं ओंजळीत घ्यायची आणि लिंबाच्या झाडावर शिंपडायची. आबा ओट्यावरून ओरडायचे. आई हसायची, "हाई तुमनं वावर नही शे," आणि आणखी एक ओंजळ मारायची. आयुष्यभर त्यांचं हे भांडण चाललं, आणि ते आई जिंकत आली.

ती गेल्यावर आबा रडले नाहीत. दिवसकार्य आटोपलं तसे ते पाना आणि नळ्या घेऊन अंगणात बसले. प्रत्येक कुंडीला नळी, प्रत्येक नळीला थेंब थेंब पाणी सोडणारा ड्रिपर. लिंबाच्या बुंध्याशी सगळ्यात चांगला. मगनसाठी खाली पाण्याची वाटीही त्यांनीच ठेवली. पानं अगदी कोरडी, आबांना हवी तशी. मीही त्यांच्या धाकाने तुळशीला घालून उरलेलं पाणी मोरीत ओतू लागले.

आता खरं सांगायचं तर माझा आबांवर राग होता, आणि तो या नळ्यांवरचा नव्हता.

शेवटी शेवटी आईला गिळता येत नव्हतं. पाणी छातीत जाईल, तोंडाने काही द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती मात्र पाणी मागत होती. मी कापूस ओला करून तिच्या ओठांना लावायला गेले तर आबांनी माझं मनगट धरलं. "सलाईनमाईन जाई राह्यनं ना पाणी," ते म्हणाले. "थेंब थेंब जाई राह्यनं. वरतून कसाले?" आई कोरड्या ओठांनी गेली. नंतर दवाखान्यातून सामान आणायला गेले तेव्हा नर्स सहज बोलून गेली, की ओठ ओले करायला काही हरकत नव्हती हो. हे मी आबांना सांगितलं नव्हतं. पण त्यांच्याशी शब्दाला शब्द वाढला की ते माझ्या जिभेच्या टोकावर येऊन बसायचं. एकदा बोलले असते तर परत घेता आलं नसतं, म्हणून गिळत होते.

त्या दिवशी सकाळी मगन फांदीवर नव्हता. ड्रमच्या काठावर पालथा पडला होता. मी त्याला उचलून खालच्या फांदीवर ठेवलं. पायांनी त्याने फांदी कशीबशी धरली. आबा उकिडवे बसून ड्रिपर चिमटीत धरून बघत होते.

"पाणी तं बरोबर पडी राह्यनं," ते म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "पडतंय ना बरोबर? मग घ्या, तुमचं पाणी बरोबर आणि तो मरतोय!" हातात तुळशीचा तांब्या होता. त्यातलं उरलेलं सगळं पाणी मी रागारागाने झाडावर फेकलं.

"पान ओलं करू नको!" आबा ओरडले.

आणि तेवढ्यात मगनचा एक डोळा फिरला. पानाच्या टोकाला एक थेंब लोंबकळत होता. त्याने मान पुढे केली, तोंड उघडलं आणि तो थेंब घेतला. गळा हलला. मग दुसरा थेंब. मग पान चाटून पुसून तिसरा. खाली वाटी काठोकाठ भरलेली होती, तिच्याकडे त्याने आजवर ढुंकूनही बघितलं नव्हतं. तो पानावरचंच पाणी पीत होता. आई रोज सकाळी त्याला पाणी पाजत होती, आणि आम्ही दोघं समजत होतो की ती झाडाची नासाडी करतेय. तो दुःखात नव्हता. तहानेने चालला होता, आमच्या डोळ्यांदेखत.

आबांच्या हातातून ड्रिपर सुटला. ते त्या हलणाऱ्या गळ्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुनी मायना ओठलेबी असंच पाणी लावाले चालतं व्हतं का, रत्ना?"

इतके दिवस जिभेवर तयार असलेलं उत्तर मी पुन्हा गिळलं. मला त्यांची कीव आली. "डॉक्टर नको म्हणाले होते ना, आबा," मी म्हटलं.

"खोटं बोलू नको."

त्यांनी माझ्या हातातल्या रिकाम्या तांब्याकडे बोट केलं. "भरी लई ये."

मी आत गेले, नळ मोठा सोडला, रडून घेतलं आणि तांब्या भरून बाहेर आले. आबांनी लिंबाच्या बुंध्याची नळी उपटून बाजूला टाकली होती. तांब्या घेतला, ओंजळ भरली. निम्मं पाणी धोतरावर सांडलं. उरलेलं त्यांनी आईसारखंच पानांवर शिंपडलं.

"आते रोज मी टाकसू," ते म्हणाले, आणि ओली बोटं बराच वेळ स्वतःच्या ओठांवर धरून उभे राहिले.