पळसाच्या पानातून आलेली मानमोडी

मी बुधरीबाईची करडी कोंबडी बोलतेय. दचकू नका, दचकायचं काम आमचं!

धानोऱ्याजवळच्या जंगलातल्या खेड्यात, अंगणातल्या डालग्याखाली मी अंड्यातून बाहेर आले. वाळकं पान पडलं, कोणी नुसतं शिंकलं, तरी मी पळत सुटायचे. पण मरण आलं तेव्हा मात्र आम्ही चोची पुढे करून त्याच्याकडेच धावलो. अजूनही खरं वाटत नाही!

या उन्हाळ्यात पलीकडच्या गावात मानमोडी आली. कोंबड्या माना पिरगळून मरू लागल्या. गुरांच्या सरकारी डॉक्टरांनी दवंडी पिटवली, की तिथली कोंबडी बाहेर न्यायची नाही. जिवंत नाही, कापलेलीही नाही. बुधरीबाईने आम्हांला अंगणातच कोंडलं. माझी थोरली पिल्लं तिने लेकीला, सोमारीला, सासरी दिली होती. धाकटी माझ्या पंखाखाली.

आणि तिचा दीर लटारू पळसाच्या पानांत बांधलेली कोंबडी घेऊन आला. पिसं काढलेली, आतडी तशीच.

"भाऊ, त्याच गावची तं नाई?"

"काऊन भेतेस वहिनी? मेलेली कोंबडी का चालत येऊन तुह्या कोंबड्यांवर खोकलते?"

बुधरीबाई हसली. तिने मांस धुतलं आणि इकडच्या रीतीप्रमाणे धुवण, आतडी, सारं आमच्यापुढे टाकलं. पिल्लं माझ्याआधी धावली.

थोड्याच दिवसांत एका पिल्लाची मान पाठीकडे वळली. आभाळाकडे बघत ते गोल गोल फिरत राहिलं. मग दुसरं. मग कोंबडा. बाई गं!

लटारू पुन्हा आला. "रडून काय होते? मेलेलं सारं आण इकडं. कापून सोमारीच्या गावच्या बाजारात खपवतो. मुंडकंच नसलं तं कोनाले काय समजते?"

इतक्या सहज?

हातातल्या सुपात माझी मेलेली पिल्लं घेऊन बुधरीबाई उभी राहिली. "तिथीबी बाया मांस धुतेत, भाऊ. धुवण अंगणातच टाकतेत."

"सारं पुरशील तं खाशील काय?"

"आंबील पिईन! सोमारीच्या कोंबड्या तं जगतीन!"

तिने सूप खाली ठेवलं आणि कुदळ घेतली.

आता माझीही मान सरळ राहत नाही. लटारू कुंपणाशी घुटमळतोय, नजर माझ्यावर. तुमच्या दारी कोणी लपवून मांस आणलं, तर हसू नका हो. कुठून आणलं, ते विचारा. उत्तर नसेल तर दाराबाहेरूनच परत धाडा.

बुधरीबाई, खड्डा एवढ्यात बुजवू नकोस. मी यायची आहे अजून.